पवनचक्कीचा साचा: घरच्या स्पेकुलाससाठी कोणता घ्यावा

डच लोकांची 'स्पेकुलास' ही मसाल्याची बिस्किटं घरी करायची ठरली की पहिला खर्च साच्यावर होतो, आणि फसगतही तिथेच होते. सध्या चार तऱ्हा मिळतात. परदेशातून येणारा बीच लाकडाचा कोरीव साचा, आपल्याकडच्या सुताराकडून कोरून घेतलेला साचा, सिलिकॉनचा साचा आणि नक्षीचं लाटणं. चारही एकाच पिठावर आणि एकाच ओव्हनमध्ये पारखले तर क्रम असा लागतो: हेदूच्या लाकडात नीट कोरलेला देशी साचा पहिला. बीचचा दुसरा, त्याचं चित्र सगळ्यांत स्वच्छ उमटतं, पण खानदेशच्या उन्हाळ्यात त्याला फार जपावं लागतं. लाटणं तिसरं, घाईच्या कामाला. सिलिकॉन घेऊच नये.

कारणांकडे वळण्याआधी एक खुलासा. कॉफीसोबत मिळणारं, कॅरमेलच्या चवीचं पातळ पाकीटबंद बिस्किट ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांनी अपेक्षा बदलावी. ते बेल्जियमचं 'स्पेकुलोस'. लोटस कंपनी 1932 साली बेल्जियममधल्या लेम्बेके गावात सुरू झाली, तिचं बिस्कॉफ त्याच घराण्यातलं. त्यात भाजलेल्या साखरेची चव पुढे आणि मसाला मागे असतो. डच स्पेकुलासमध्ये मसाला उघड बोलतो; चहात बुडवलं तरी मिरी आणि लवंग घशाशी जाणवते. नेदरलँड्समध्ये ही बिस्किटं 5 डिसेंबरच्या संध्याकाळी, सिंटरक्लासच्या, म्हणजे संत निकोलसच्या सणाला खातात, आणि त्यांच्यावर पवनचक्की, जहाज, पक्षी, संत निकोलस अशी चित्रं उठवलेली असतात. नावाची एक व्युत्पत्ती लॅटिनमधल्या आरशाच्या शब्दापासून सांगतात. साच्यात चित्र उलटं कोरलेलं असतं आणि बिस्किटावर सुलटं येतं, म्हणून ती पटण्यासारखी वाटते.

खानदेशाला हा प्रकार अगदीच परका नाही. जळगाव, धुळे, नंदुरबार करत तापी सुरतेला पोचते, आणि त्या सुरतेत सतराव्या शतकात डचांची वखार होती. नानखटाईचा उगमही तिथल्या डच बेकरीशी जोडला जातो. चव मात्र पूर्ण वेगळी. नानखटाई तुपाची आणि भुसभुशीत, स्पेकुलास लोण्याचं आणि कडक. हा फरक साच्याच्या कामात जागोजाग आडवा येतो.

आता साचे. खरेदी करताना चार गोष्टी पाहाव्यात. कोरीव खोली 4 ते 6 मिलिमीटर असावी. तीनपेक्षा कमी असेल तर भाजल्यावर रेघा बुजतात, आठच्या वर गेली तर बिस्किटाच्या कडा करपतात आणि मध्य मऊ राहतो. दुसरं, खाचेच्या भिंती वर उघडत गेलेल्या हव्यात. भिंत तळाशी आत कापली गेली असेल तर पीठ तिथे अडकणारच, कितीही पिठी भुरभुरा. करंगळीचं नख भिंतीवरून खालून वर फिरवलं की लगेच कळतं. तिसरं, चित्रातली सर्वांत बारीक रेघ दीड मिलिमीटरपेक्षा अरुंद नको. पवनचक्कीच्या पात्यांवरची जाळी दुकानातल्या फोटोत छान दिसते, बिस्किटावर उतरत नाही. चौथं, आत लाखेचा किंवा वार्निशचा चकचकीत थर नसावा. पुष्कळ 'साचे' भिंतीवर टांगायची शोभेची वस्तू म्हणून विकले जातात. ते खाण्याच्या कामाचे नाहीत.

युरोपात हे साचे पेअर किंवा बीचमध्ये कोरतात, कारण दोन्हींचं पोत बारीक आणि सारखं असतं. बीचची अडचण हवेची. हवेतल्या ओलाव्याप्रमाणे हे लाकूड जास्त फुगतं आणि आकसतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा 44-45 अंशांवर, हवा कोरडीठाक, आणि दोन महिन्यांत पावसाळी दमट. अशा फेऱ्यात पातळ बीचची फळी वाकते. टोकांकडून चीरही जाते. म्हणून बीच घ्यायचाच तर किमान 20 मिलिमीटर जाडीचा घ्यावा. तीन चित्रांच्या लांब फळीपेक्षा एकेक चित्राचे सुटे तुकडे बरे.

सुताराकडून करून घ्यायचं म्हटलं की तो आधी सागवान सुचवतो. सागवान वाकत नाही हे खरं, पण त्याची रंध्रं मोठी. बारीक कोरीवकामाच्या कडा तुटतात आणि रंध्रांत लोणी बसून राहतं. आंबा तर आणखी भरड. सातपुड्याच्या जंगलपट्ट्यात ओळखीचं असलेलं हेदू, म्हणजे पिवळसर हळदू, या कामाला योग्य. फण्या, खेळणी, खरादावरच्या वस्तू त्यातच होतात, कारण पोत घट्ट आणि धार धरणारं. लाकूड पूर्ण वाळलेलं हवं, एवढी एकच अट. होळीचे साखरेचे हार-कंगण ज्या साच्यांत ओततात ते कोरणारा कारागीर भेटला तर उत्तम, उलटं चित्र कोरायची त्याच्या हाताला सवय असते. त्याला दोन गोष्टी मात्र बजावून सांगा. हार-कंगणाचा साचा दोन फळ्यांचा आणि खोल असतो, हा एकाच फळीचा आणि उथळ. शिवाय तो साचा पाण्यात भिजवून वापरतात, म्हणजे पाक चिकटत नाही. स्पेकुलासचा साचा भिजवला की काम संपलं. ओल्या लाकडाला मैद्याचं पीठ लगदा होऊन धरून बसतं.

सिलिकॉनबद्दल थोडक्यात. पीठ दाबताना तो स्वतःच वाकतो, त्यामुळे बिस्किट मध्ये जाड आणि कडेला पातळ होतं. पीठ साच्यातच ठेवून भाजलं तर वाफ खाली कोंडते आणि चित्राची बाजू फिकट, मऊ राहते. नक्षीचं लाटणं चालतं, फक्त चित्र एक-दोन मिलिमीटर खोलच उमटतं आणि लाटण्यावर जोर सारखा पडला पाहिजे. पीठ आधी साध्या लाटण्यानं 6 मिलिमीटर करावं, मग नक्षीचं एकदाच, न थांबता फिरवावं. परत फिरवलं की नक्षी दुहेरी होते.

साच्याची खरी परीक्षा पिठात होते. नेहमीच्या बिस्किटांचं फुलणारं पीठ साच्यात घातलं आणि चित्र पुसलं गेलं की दोष साच्यावर जातो. साच्यासाठी लोणी आणि सोडा दोन्ही कमी लागतं. प्रमाण असं: मैदा 250 ग्रॅम, बिनमिठाचं बटर 125, बारीक साखर 105, काकवी 25, मीठ 2, खायचा सोडा 1, मसाला 8 ग्रॅम आणि दूध 15 ते 25 मिलिलिटर. एका बिस्किटाला 15 ग्रॅम पीठ धरलं, म्हणजे साधारण 6 बाय 4 सेंटिमीटरचं चित्र, तर 35 नग होतात. एक ग्रॅम सोडा म्हणजे सपाट पाव चमच्याहूनही थोडा कमी. इथे अंदाज चालत नाही; सोडा दुप्पट झाला की रंग गडद होतो, साबणासारखी चव येते आणि पवनचक्कीचा नुसता ठिपका उरतो.

काकवी का, तर डच लोक यात 'बास्टर्डसाउकर' नावाची ओलसर, बारीक साखर वापरतात. तिच्यात उलटलेल्या साखरेचा, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज सुटे झालेल्या साखरेचा, पाक मिसळलेला असतो, म्हणून बिस्किटाला रंग चांगला येतो आणि तुकडा कुरकुरीत मोडतो. मोठ्या दुकानांत मिळणारी डेमेरारा साखर याची जागा घेत नाही. तिचे दाणे जाड, ते पिठात विरघळत नाहीत आणि भाजताना वर तपकिरी डाग पडतात. काकवीत नेमका तसा पाक निसर्गतःच असतो. गूळ पावडर घ्यायची तर 40 ग्रॅम गूळ आणि 85 ग्रॅम साखर, आणि गूळ चाळून. खडे राहिले तर भाजताना फुटून भोकं पडतात.

बटरऐवजी घरचं लोणी वापरणाऱ्यांनी त्यातल्या पाण्याचा हिशेब ठेवावा. ताज्या लोण्यात ताक आणि पाणी बरंच असतं. ते थंड पाण्यात धुऊन, हातानं दाबून काढलं नाही तर पीठ साच्याला चिकटतं आणि ओव्हनमध्ये पसरतं. असं लोणी घेतलं तर दूध घालूच नये. तुपात मात्र पाणी नसतं, म्हणून 125 ग्रॅम बटरच्या जागी 100 ग्रॅम तूप आणि 20 मिलिलिटर जास्तीचं दूध. चव छान लागते, पण बिस्किट नानखटाईकडे झुकतं आणि साच्यातून काढताना पक्ष्याची चोच तुटते. वनस्पती तूप घालू नये. ते तोंडात विरघळत नाही, टाळूला थर धरतं, आणि मसाला त्याच्याखाली दबतो.

मसाल्याचं एकदाच करून ठेवायचं प्रमाण: दालचिनी 20 ग्रॅम, जायफळ 5, लवंग 4, सुंठ 4, वेलदोड्याचे सोललेले दाणे 3, पांढरी मिरी 2, जायपत्री 2. एकूण 40 ग्रॅम, म्हणजे पाच घाणे. जळगावच्या दाणा बाजारात किंवा धुळ्यात पाच कंदीलजवळ हे सगळं एका फेरीत मिळून जातं. पांढरी मिरी तेवढी विचारून घ्यावी लागते. दालचिनी म्हणून जी जाड साल मिळते ती कॅशिया. ती तिखट आणि जोरकस असते, या बिस्किटाला चालते. पातळ, गुंडाळलेली सिलोन दालचिनी घेतली तर 20 ऐवजी 25 ग्रॅम घ्यावी. बडीशेप घालायचा मोह टाळा. काही डच घरांत ॲनिस पडतो, पण ती आपली बडीशेप नव्हे, आणि बडीशेप पडली की बिस्किट मुखवासाच्या वाटेला लागतं.

खानदेशी हाताची एक सवय इथे मोडावी लागते. काळ्या मसाल्यासाठी आपण जिन्नस तेलावर खरपूस भाजतो. इथे एकही जिन्नस भाजायचा नाही. वास देणारी तेलं कढईतच उडून जातात, आणि पुढे बिस्किट वीस मिनिटं भाजणारच आहे. लवंग प्रमाणाबाहेर गेली तर जीभ बधिर होते, म्हणून तिला हातानं 'थोडी अजून' करू नये. जायफळ किसून, बाकीचं मिक्सरमध्ये थांबत थांबत दळून, मैद्याच्या चाळणीतून गाळून घ्या. भरड कण चित्राच्या रेघेवर आला की तिथून पीठ फाटतं.

लोणी आणि साखर फेटून फुलवायची नाही. केकची सवय इथे नडते, कारण आत शिरलेली हवा ओव्हनमध्ये फुगते आणि चित्राच्या कडा गोल होतात. लोणी, साखर, काकवी नुसती एकजीव करा, त्यात चाळलेला मैदा, सोडा, मीठ, मसाला, आणि शेवटी दूध चमच्याचमच्यानं. पीठ मोदकाच्या उकडीपेक्षा घट्ट, पण चिमटीत दाबलं तर न फुटणारं व्हायला हवं. मळायचं नाही, गोळा झाला की थांबा. मग झाकून 12 ते 24 तास फ्रिजमध्ये. या मुक्कामात मैदा ओलावा शोषतो, साखर विरघळते, मसाल्याचा वास लोण्यात उतरतो. तासाभरात काढलेलं पीठ साच्यात दाबताना कडेला चिरतं आणि चवीलाही कच्चा मसाला वेगळा लागतो.

साच्यावर भुरभुरायला मैदा नको, तांदळाची पिठी हवी. मैदा ओलावा धरून चिकट होतो, तांदळाची पिठी कोरडी आणि सुटी राहते. मलमलच्या फडक्यात दोन चमचे बांधून पुरचुंडी करा, साच्यावर आपटा, मग साचा उलटा करून टेबलावर ठोका, म्हणजे जास्तीची पिठी पडून जाईल. गोळा मध्यावर ठेवून अंगठ्यानं मध्यातून कडेकडे दाबा. कडेकडून आत दाबलं तर खाली हवा अडकते आणि नाकाच्या जागी खड्डा येतो. वरचं जास्तीचं पीठ ताणलेल्या दोऱ्यानं कापावं. सुरी ओढली की पीठ फरपटतं. मग साच्याची एक कड टेबलावर ठक्कन आपटायची, चारही बाजूंनी. पडलं नाही तर खरवडू नका. साचा दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि परत आपटा. नवा साचा पहिले तीन-चार घाणे चिकटतोच. लाकडात लोणी थोडं मुरलं की सुटायला लागतो, तेवढ्यावरून तो वाईट ठरवू नये.

पीठ 16 ते 20 अंशांवर असताना सर्वांत नीट वागतं. डिसेंबर-जानेवारीत रात्री बाहेर 10-12 अंश असतात, तेव्हा सकाळी सातच्या आत साच्याचं काम उरकलं तर फ्रिजची फारशी गरजही पडत नाही. मार्चनंतर मात्र चार-चार नगांएवढंच पीठ बाहेर काढा. लोणी 32-35 अंशांवर वितळतं, आणि आपल्याकडचं स्वयंपाकघर दुपारी त्याच्या वर असतं. मे महिन्यात साचा स्वतःच गरम असतो, तो वापराआधी पिशवीत घालून फ्रिजमध्ये अर्धा तास ठेवावा.

भाजण्याआधी तयार नग पंधरा मिनिटं थंड करा आणि वरची पिठी मऊ कोरड्या ब्रशनं झटका, नाहीतर पांढरे डाग कायमचे राहतात. ओटीजी, म्हणजे घरचा विजेचा छोटा ओव्हन, वरची-खालची दोन्ही तापणाऱ्या दांड्या चालू ठेवून 165 अंश, पंखा बंद, ताट मधल्या खणात, 18 ते 20 मिनिटं. पंख्याचा वारा वरची बाजू लवकर सुकवतो आणि चित्रावर आडवी भेग जाते. ताट काळं असेल तर त्यावर बेकिंगचा कागद दुहेरी अंथरा. काकवीमुळे बूड लवकर कडू होतं. कडा बदामी आणि मध्य हाताला जरा मऊ, अशा वेळी ओव्हन बंद करून दार बोटभर उघडं ठेवा आणि दहा मिनिटं आतच राहू द्या. कडकपणा त्यातून येतो. मध्य कडक होईपर्यंत भाजत बसलात तर बूड गेलंच म्हणून समजा.

आता विजेचं. तालुक्याच्या गावांत संध्याकाळी दाब 200 व्होल्टवर येतो तेव्हा ओव्हनच्या दांडीची ताकद दाबाच्या वर्गाच्या प्रमाणात घटते. म्हणजे 230 व्होल्टवर 1500 वॉट देणारी दांडी 200 व्होल्टवर साधारण 1130 वॉटच देते. ओव्हन तापायला दहाऐवजी वीस मिनिटं लागतात, आणि दार उघडल्यावर गेलेली उष्णता परत यायला वेळ. दिवा विझला म्हणजे ओव्हन तापला असं धरू नका, आत ठेवायचा छोटा तापमापक घ्या. साच्याइतकाच उपयोगाचा खर्च आहे तो. कमी तापलेल्या ओव्हनमध्ये लोणी आधी वितळतं आणि मैदा नंतर घट्ट होतो, म्हणून बिस्किट पसरतं. पसरलेलं बिस्किट दिसलं की सोड्याच्या आधी ओव्हनवर संशय घ्यावा.

दिवाळीआधी सामान देऊन बेकरीच्या भट्टीवर नानखटाई करून आणतात, तसं हे भाजून घेता येतं का? येतं, वेळ निवडली तर. पाव भाजायच्या वेळी भट्टी 220 अंशांच्या वर असते, तेव्हा स्पेकुलास चार मिनिटांत काळं पडतं. पाव, टोस्ट सगळं उरकून भट्टी उतरणीला लागल्यावर, नानखटाईचा घाणा निघाला की त्याच्या मागून आपली ताटं लावायला सांगायची. कच्चे नग रिक्षातून नेताना वाकतात, त्यामुळे ताटासकट घट्ट थंड करून, सकाळच्या गारव्यात न्यावे. भाजणाऱ्याला 'नानखटाईपेक्षा एक छटा गडद' एवढंच सांगितलं की पुरतं.

पूर्ण गार झाल्यावर घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात तीन आठवडे सहज टिकतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चव जास्त बसते, म्हणून लगेच निकाल देऊ नये. पावसाळ्यात मऊ पडली तर 140 अंशांवर सहा-सात मिनिटं. तुटकी निघालेली खिरीवर किंवा श्रीखंडावर चुरून घालावीत, मसाला तिथे शोभतो.

साचा कधीही धुऊ नये. काम संपल्यावर पीठ सुकू द्यायचं आणि ताठ केसांच्या कोरड्या ब्रशनं झाडायचं, कोपऱ्यांत लाकडी टूथपिक. सुई किंवा सुरीचं टोक लावलं की ओरखडा पुढच्या प्रत्येक बिस्किटावर दिसेल. वर्षातून दोनदा, होळीच्या सुमारास आणि दिवाळीनंतर, खाण्यायोग्य मिनरल ऑइलचा हात पातळ फिरवून रात्रभर ठेवायचा आणि सकाळी पुसायचा. शेंगदाणा तेल लावू नका, ते खवट होतं आणि तो वास बिस्किटात उतरतो. खोबरेल तेल त्यापेक्षा उशिरा खवटतं, तात्पुरतं चालेल. उन्हाळ्यात साचा कूलरच्या वाऱ्यासमोर किंवा पत्र्याखालच्या फळीवर ठेवू नये. सुती कापडात गुंडाळून, आडवा, धान्याच्या कोठीशेजारी, पण कोठीत नाही. कोठीतले किडे लोणी मुरलेल्या लाकडाकडे लवकर वळतात.